घंटा न हलवता

सोमवारी सकाळी प्रोफेसर डेटलेफ हार्मसन मनोरा चढून वर गेले, तेव्हा खालच्या दोन पट्ट्या जशाच्या तशा होत्या आणि घंटेजवळची पट्टी तुटली होती. तुटली म्हणजे भुगा झाला नव्हता. केसाएवढी रेघ होती, वरपासून खालपर्यंत. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, मग नख फिरवलं. रेघ नखाला लागली.

रीत जुनीच होती. भिंतीला तडा गेला की त्यावर ओल्या प्लास्टरची आडवी पट्टी बसवायची, ती वाळण्याआधी खिळ्याने तारीख कोरायची आणि थांबायचं. प्लास्टर ताणत नाही. भिंत जराशी सरकली तरी ते तुटतं. तुटलं नाही, तर तडा जुना आहे आणि भिंत आपल्या जागी स्वस्थ आहे असं समजायचं. हार्मसन शहरातल्या तंत्र विद्यापीठात वास्तुकला शिकवत, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना नेहमी म्हणत, "भिंतीला काय होतंय ते तुम्ही सांगू नका. तिला सांगू द्या."

आता भिंतीने सांगितलं होतं, आणि ते त्यांना नको होतं तेच होतं.

खाली श्टेग्नर थांबला होता. डॉक्टर फोल्कमार श्टेग्नर हा ओस्टरवेडे नगरपालिकेचा बांधकाम अधिकारी, वयाने हार्मसनांपेक्षा बराच लहान. स्टेशनपासून नदीच्या पुलापर्यंत सरळ, रुंद रस्ता काढायचा त्याचा आराखडा तयार होता. त्या रस्त्याच्या बरोबर मध्ये हा मनोरा येत होता. चर्च चार वर्षांपूर्वीच्या बॉम्बहल्ल्यात जळून कोसळलं होतं. मागे विटांचा ढिगारा राहिला होता आणि हा एकटा मनोरा, आतून पोकळ, चारी अंगांनी तडे गेलेला.

"काय म्हणतोय म्हातारा मनोरा?" श्टेग्नरने विचारलं.

"वरची पट्टी तुटली."

"मग झालं की, प्रोफेसरसाहेब."

"झालं कसं? का तुटली ते कुठे कळलंय?"

"का तुटली ते कळेपर्यंत तो कुणाच्या डोक्यावर पडला तर? मोल्केश्ट्रास रस्त्यावर भिंत पडली, तेव्हा मी तिथेच उभा होतो. दोन बायका विटा वेचत होत्या. त्यांचे बूट तेवढे बाहेर दिसत होते." श्टेग्नर हे आवाज न चढवता म्हणाला. "मला तुमच्या मनोऱ्याचा राग नाही. भीती आहे."

हार्मसनांना हा माणूस नेमका याच कारणासाठी आवडत असे. त्यांनी पिशवीतून प्लास्टरचा डबा काढला.

"मला ईस्टरपर्यंत वेळ द्या. नगरपालिकेची सभा ईस्टरनंतरच आहे. तोवर एकही पट्टी तुटली नाही, तर रस्ता वळवायचा. तुटली, तर सुरुंगाची भोकं कुठे पाडायची ते मी स्वतः दाखवीन. दुसऱ्याला जमणार नाही, विटा माझ्या ओळखीच्या आहेत."

श्टेग्नरने थोडा विचार करून हात पुढे केला. "ईस्टरपर्यंत."

हार्मसन याच गावचे. युद्धात त्यांना पूर्वेकडे पूल बांधायला नेलं होतं. पुढे कैदेत दिवस काढून ते परतले, तेव्हा गाडीच्या खिडकीतून त्यांना गाव ओळखूच येईना. घरं नव्हती, झाडं नव्हती, नदीसुद्धा कुठल्या बाजूला आहे ते समजेना. मग मनोरा दिसला, आणि मनोऱ्यावरून सगळं जागच्या जागी बसलं: इथे शाळा, इथे बाजार, इथे आपली गल्ली. त्यानंतर त्यांनी विद्यापीठातली नोकरी पत्करली, पडक्या इमारतीच्या तळघरात वर्ग घेतले, विद्यार्थ्यांकडून हातोड्याने विटांवरचा जुना चुना खरवडून घेतला. त्या विटांमधून गावात एक बुटकी, साधी प्रार्थनेची खोली बांधायची आणि मनोरा शेजारी तसाच ठेवायचा, हे त्यांनी मनात पक्कं केलं होतं. त्यांना मोठ्या शहरांतून मोठ्या कामांची बोलावणी येत. ते नम्रपणे नाही म्हणत.

नवी पट्टी बसवून ते खाली उतरले आणि आठवडाभर विचार करत राहिले. वारा नव्हता. थंडीचा कडाकाही अजून पडला नव्हता. जमीन खचत असती तर खालच्या पट्ट्या आधी तुटल्या असत्या. मग वरचीच का?

उत्तर रविवारी सापडलं, आणि त्यासाठी त्यांना आईकडून एक ताटली मागावी लागली.

"खोल ताटली? कशाला?" आई म्हणाली. मेटा हार्मसन ऐंशीच्या पुढे होती, पण स्वयंपाकघराचा ताबा तिने अजून कुणाला दिला नव्हता. "त्या एकाच संचातल्या दोन उरल्यात. बॉम्बने नाही फोडल्या त्या तू फोडशील."

"नाही फोडणार. आणि तुझी ती काळी कॉफी पण दे."

"चिकोरी म्हण. कॉफी मी कधीची पाहिली नाही."

ताटली आणि किटली घेऊन ते घंटेच्या मजल्यावर गेले. खिडकीच्या कठड्यावर ताटली ठेवून त्यांनी त्यात काळं पेय ओतलं आणि ते स्थिर होऊ दिलं. त्या काळ्या आरशात खिडकीचा उजेड स्वच्छ चौकोनी पडला. मग कानांत कापूस घालून ते बसले. खाली घंटा वाजवणाऱ्या ओनो क्रूसेने दोर ओढायला सुरुवात केली.

घंटा हलू लागली. आधी नुसतीच हलली, मग वाजली. ताटलीतला चौकोन प्रथम थरथरला, मग लांबट झाला, आणि घंटेचा झोका पुरा झाला तसा फुटून तुकडे तुकडे झाला. घंटा इकडे गेली की कॉफी तिकडे जाई. थोड्या वेळाने ती ताटलीच्या काठावरून सांडली. झोपाळ्यावरच्या मुलाला अगदी हलकेच, पण नेमक्या क्षणी ढकललं की झोका वाढत जातो, तसं घंटा मनोऱ्याला ढकलत होती.

त्यांनी वर पाहिलं. पूर्वी ही घंटा ओकच्या लाकडी चौकटीत असे. ती चौकट पार खालच्या, जाड भिंतीच्या खांद्यावर उभी होती आणि वर तिचा कुठल्याच भिंतीला स्पर्श नव्हता. ती आगीत जळाली. आता घंटा रेल्वेच्या दोन रुळांवर टांगलेली होती, आणि रुळांची टोकं सरळ भिंतीत खुपसून पक्की केली होती. प्रत्येक झोका थेट तड्यात जात होता.

हे काम ओनोचं होतं. ओनोने ते मोठ्या प्रेमाने केलं होतं.

*

लाकडी खोपटात, जिथे आता रविवारची प्रार्थना होई, मंडळी जमली होती. हार्मसन थोडक्यात बोलले. ईस्टरपर्यंत घंटा हलवायची नाही. पुढे चांगलं ओक मिळालं की नवी चौकट करू. आग लागली, तर मात्र नेहमीसारखी घंटा स्थिर ठेवून आतला लोलक दोरीने ओढायचा आणि ठोकायची. त्याने भिंतीला फारसा धक्का बसत नाही.

ओनो उठला. चर्चच्या किल्ल्या, शेगडी आणि घंटा सांभाळणारा हा माणूस शाळेत हार्मसनांच्या बाकावर बसत असे.

"डेटलेफ, ती घंटा मी हॅम्बुर्गच्या बंदरावरून आणली. युद्धात वितळवायला नेलेल्या हजारो घंटा तिथे चिखलात पडल्या होत्या. मी प्रत्येकीच्या अंगावरून हात फिरवत गेलो. आपली सापडली, तेव्हा मी तिथेच बसून रडलो, लोक बघत होते तरी. आणि तू म्हणतोस, आता तिला मुकी ठेव?"

"ईस्टरपर्यंत."

"नाताळ मुका? वर्षाची शेवटची रात्र मुकी?"

"हो."

"आणि माणसं मेली तर? त्यांना काय सांगू, प्लास्टर वाळतंय, जरा थांबा?"

कुणीतरी हसलं. मागच्या बाकावरून आई म्हणाली, "ओनो, तू रूळ लावलेस तेव्हा कुणाला विचारलं होतंस का?"

"विचारायचं काय त्यात, फ्राऊ हार्मसन? मजबूत केलं मी. आगगाडी जाईल त्यावरून."

"तेच तर. आगगाडीच जातेय, दर रविवारी."

या वेळी सगळे हसले. ओनो हसला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने दोर वर ओढून खुंटीला गुंडाळून ठेवला, आणि खुंटीखाली खडूने लिहिलं: हात लावाल तर याद राखा.

घरी जाताना आईने मुलाचा हात धरला. रस्त्यावर बर्फाचा चिखल होता.

"तू बोललास ते बरोबर आहे," ती म्हणाली. "पण मी त्या घंटेसाठी थांबलेय, हे तुला ठाऊक असू दे. तुझ्या बापाला युद्धात मुक्याने पुरायला नेलं. घंटा नाही, काही नाही. चार माणसं आणि हातगाडी. तेव्हाच मी ठरवलं, मी घंटा घेऊन जाणार."

"आई, तू कुठे चाललीयेस?"

"सध्या घरी. बटाट्याचं सूप आहे."

*

नाताळ मुका गेला. वर्षाच्या शेवटी आतषबाजी झाली, तेव्हा लोक सवयीने मनोऱ्याकडे बघून गप्प झाले. जानेवारीत समुद्राकडून वादळ आलं, गावातली कौलं उडाली, खोपटाचं छप्पर अर्धं गेलं. सकाळी हार्मसन पहिल्या गाडीने शहरातून आले. सोबत त्यांची संशोधक विद्यार्थिनी रोसविटा बेह्नके होती. ती धिप्पाड होती, कमी बोले, आणि वडिलांचा लष्करी कोट घाली. तिन्ही पट्ट्या शाबूत होत्या. रोसविटाने भिंगातून पाहिलं, बोट फिरवलं आणि म्हणाली, "झोपलाय."

श्टेग्नरही आला. त्याने पाहिलं आणि टोपी नीट केली. ती नीटच होती.

गाव मात्र कुरकुरत होतं. बेकरीत बायका म्हणत, प्रोफेसरला माणसांपेक्षा प्लास्टर प्यारं. त्या हिवाळ्यात गेलेल्या सगळ्यांना मुक्यानेच नेलं. सुतार हाकेची विधवा हार्मसनांना रस्त्यात भेटली की मान वळवायची. ते टोपी काढून नमस्कार करायचे आणि पुढे जायचे. त्यांना वाईट वाटत नसे असं नाही. पण एकासाठी घंटा हलली, की दुसऱ्यासाठी का नाही, आणि मग मनोऱ्याचं काय, हे त्यांनी मनाशी कितीदा तरी ताडून पाहिलं होतं.

फेब्रुवारीच्या अखेरीला आईच्या छातीत कफ भरला. डॉक्टर आले, पाठीला कान लावून गेले. ती उशांना टेकून बसू लागली आणि तिथूनच स्वयंपाकघर चालवू लागली.

हार्मसन आता रोज गाडीने येत. एका दुपारी ते तिला बीटच्या पाकात बुडवलेली पावाची फोड भरवत होते.

"ईस्टर कधी आहे रे यंदा?" तिने विचारलं.

"एप्रिलच्या मध्यावर."

"उशिरा आहे."

"आई, थांब ना तोवर."

"मी काय स्टेशनवर उभी आहे?" ती हसली, आणि हसता हसता खोकली. खोकला थांबल्यावर तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मला घंटा हवी, डेटलेफ."

त्यांनी फोड ताटलीत ठेवली. "आणि मनोरा?"

"मनोरा पण हवा. त्याशिवाय तू घर कसं ओळखशील?"

"दोन्ही कसं जमेल, आई? तूच सांग."

"मी का सांगू? मी शाळेत सहा इयत्ता गेले. प्रोफेसर तू आहेस. काढ मार्ग."

तो मार्ग त्यांच्या डोळ्यांसमोरच होता, पण तो मार्ग आहे हे त्यांनाही लगेच दिसलं नाही. पोरपणापासून डोक्यात बसलं होतं: हलवलेली घंटा देवासाठी आणि माणसांसाठी, ठोकलेली घंटा आगीसाठी. ओस्टरवेडेमध्ये कुणी मेलेल्यासाठी घंटा ठोकली नव्हती. ते म्हणजे लग्नात सुतकाचे कपडे घालण्यासारखं. गाडीत बसून शहराकडे जाताना त्यांनी खिशातल्या पेन्सिलीने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक घंटा काढली, स्थिर. तिच्या आत लोलक काढला. लोलकाचं वजन घंटेच्या मानाने किती थोडं. त्यांनी बाण काढले, मग आणखी लहान बाण. गाडी शहरात पोचली तेव्हा ते अजून त्या लहान बाणांकडे बघत होते.

आई ईस्टरला थांबली नाही. मार्च संपता संपता, सकाळी, शेजारणीला चूल नीट पेटवायला सांगून ती उशीला टेकली आणि गेली.

*

ओनो टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला.

"मी वाजवतो," तो म्हणाला. "एकदाच. कुणी काही म्हणणार नाही. श्टेग्नरसुद्धा नाही."

"नाही."

"डेटलेफ, तुझी आई आहे ती!"

"भिंतीला ते माहीत नाही."

"दगड आहेस." ओनो म्हणाला. "शाळेत असल्यापासून दगड आहेस. गणितात पहिला आणि बाकी सगळ्यात दगड."

"आणि हाकेचं काय? त्याच्या बायकोला काय सांगू? तुझा नवरा मुका गेला, पण माझी आई प्रोफेसरची आई होती?"

ओनो उंबरठा ओलांडून आत आला.

"बस," हार्मसन म्हणाले. "मला तुझी गरज आहे. घंटा हलवायची नाही. लोलक ओढायचा. सावकाश. एक ठोका, मग तो आवाज पुरता विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा."

"ती आगीची घंटा झाली."

"आगीला घाईने ठोकतात. तू घाई करू नको."

"माणूस जळत नाहीये, मेलंय! लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणतील. तिने सांगितलं होतं, मार्ग काढ म्हणून. मला एवढाच सापडला." त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "आणि हाही खात्रीचा नाही. कागदावर बरोबर आहे. पण इतका वेळ ठोकून मी पाहिलेलं नाही. पाहणार कसा? ठोकली असती तर सगळं गाव बादल्या घेऊन धावलं असतं."

"आणि पट्टी तुटली तर?"

"तर तुटली. श्टेग्नरला दिलेला शब्द मोडणार नाही."

ओनो कितीतरी वेळ टोपी फिरवत बसला. मग म्हणाला, "बेकरीत सांगून ठेवतो. बेकरीत सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं."

*

अंत्यविधीच्या दिवशी आभाळ खाली आलं होतं. खोपटातली प्रार्थना संपली. सहा जणांनी शवपेटी उचलली. रोसविटा घंटेच्या मजल्यावर पट्टीजवळ बसली होती, हातात भिंग आणि मांडीवर घोंगडी. ओनो शेजारी दोरी धरून उभा होता. हार्मसन शवपेटीमागे एकटे. त्यांच्यामागे पाद्री आलर्स, शेजारीण, आणखी मोजकी माणसं. प्रोफेसरवर रागावलेलं गाव घरात होतं.

पहिला ठोका पडला.

तो मोठा, गोल, संथ होता. आवाज छपरांवरून गेला, नदीपर्यंत पोचला आणि विरला. हार्मसन थबकले नाहीत. दुसरा ठोका पडला.

बेकरीत ओनोने सांगितलं होतं, आणि बेकरीतून ते घरोघरी गेलंही होतं. पण ते गावाच्या कानांना माहीत होतं, पायांना नव्हतं. चार वर्षांपूर्वी ज्यांनी एका रात्रीत सगळं जळताना पाहिलं होतं, ते ठोकलेली घंटा ऐकून विचार करत बसले नाहीत. तिसऱ्या ठोक्याला दारं उघडू लागली. बायका ॲप्रनवर, हातात बादल्या. सायकलवाला भिशेन पंप खांद्यावर घेऊन. शाळेचे मास्तर एका हातात पाण्याची झारी, दुसऱ्या हातात टोपी. "कुठे? कुठे लागली?" अशा हाका गल्लीगल्लीतून आल्या, आणि मग सगळी गल्ली धावत बाजारपेठेच्या तोंडाशी आली आणि समोर शवपेटी पाहून जागच्या जागी थांबली.

एका बादलीतलं पाणी हिंदकळून दगडांवर सांडलं.

"अगं बाई," कुणीतरी म्हणालं, "ही तर मेटा."

"सांगितलं होतं ना बेकरीत!"

"सांगितलं होतं, पण..."

हाकेची विधवा सर्वांत पुढे होती, दोन्ही हातांत बादल्या. ती हार्मसनांकडे बघत राहिली. पुन्हा ठोका पडला. तिने मान वर करून मनोऱ्याकडे पाहिलं, ठोका विरेपर्यंत ऐकला, आणि तिला सगळं उमगलं असावं. प्रोफेसरने स्वतःच्या आईसाठीसुद्धा घंटा हलवली नव्हती.

ती शवपेटीच्या मागे येऊन उभी राहिली. बादल्या खाली ठेवायच्या कुठे, हे कळेना म्हणून हातातच धरून. मग बाकीचे आले. रांग लांबत गेली. पंप, झाऱ्या, बादल्या, वाळूचे डबे असं सगळं घेऊन ओस्टरवेडे मेटा हार्मसनच्या मागून चाललं. मधूनच कुणीतरी हुंदका द्यावा तसं हसे, आणि कुणी त्याला गप्प करत नसे. मेटाही हसली असती.

नगरपालिकेच्या कोपऱ्यावर श्टेग्नर कार्यालयातली लाल बादली घेऊन धापा टाकत आला. वाळूने भरलेली. त्याने परिस्थिती पाहिली, टोपी काढली, ती बादलीवर ठेवली आणि रांगेत शिरला.

हार्मसन समोर बघत चालत होते. प्रत्येक ठोक्याला मनात पट्टी येई. आता तुटली असेल. या ठोक्याला नाही, तर पुढच्याला. थांब म्हणून ओनोला खूण करायची, तर मागे वळावं लागेल. ते वळले नाहीत.

कबरीपाशी माती गोठून ढेकळं झाली होती. तीन मुठी माती टाकायची, तर ती मुठीत येईना. पाद्री गोंधळले. श्टेग्नर पुढे झाला आणि त्याने लाल बादली खड्ड्याच्या काठावर ठेवली. हार्मसनांनी तिच्यातून तीन मुठी वाळू घेतली. मग विधवेने, मग ओळीने सगळ्यांनी. वाळू लाकडावर पडताना कोरडा, हलका आवाज येत होता. दूरवर शेवटचा ठोका पडला आणि विरला.

माणसांमधून वाट काढत रोसविटा आली. लष्करी कोटाला विटांची धूळ लागली होती. हार्मसनांनी आधी शेवटच्या माणसाची वाळू पडू दिली, मग तिच्याकडे पाहिलं.

"शाबूत," ती म्हणाली.

श्टेग्नर शेजारीच उभा होता. "मी स्वतः बघेन."

"बघायलाच हवं," हार्मसन म्हणाले. "चला."

"आत्ता? खोपटात कॉफी आणि केक मांडलाय, लोक थांबलेत तुमच्यासाठी."

"केक पळत नाही. उजेड जातो."

ते दोघे मनोरा चढले. वर ओनो जमिनीवर बसला होता, तळहात लालबुंद झालेले. श्टेग्नरने पट्टीवरून नख फिरवलं, एकदा वरून, एकदा खालून. नखाला काही लागलं नाही. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली बाजारपेठेत लोक अजून घोळके करून होते, बादल्या पायांशी.

"ईस्टर अजून लांब आहे, प्रोफेसरसाहेब," तो शेवटी म्हणाला.

"आहे ना. मी कुठे नाही म्हणालो?"

"आणखी एक पट्टी बसवू या का? उत्तरेकडच्या तड्यावर. तिथे तुम्ही बसवली नाहीये."

हार्मसनांनी चमकून पाहिलं. खरंच, उत्तरेचा तडा बारीक म्हणून त्यांनी सोडला होता. त्यांनी पिशवी उघडली. पाणी ओनोने खालून आणलेल्या कुणाच्या तरी बादलीतलंच घेतलं. प्लास्टर त्यांनी लावलं, आणि ते ओलं असतानाच खिळा श्टेग्नरच्या हातात दिला.

"तारीख तुम्ही कोरा."

श्टेग्नरने जीभ दातांत धरून, शाळकरी पोरासारखी, सावकाश तारीख कोरली.

*

ईस्टरला चारही पट्ट्या शाबूत होत्या. सभेत श्टेग्नरने स्वतः उभं राहून ते सांगितलं. वाद झाला, चांगलाच झाला. रस्ता वळवला तर गोदामवाल्यांची जागा जाणार होती. पण हात वर करायची वेळ आली, तेव्हा हात पुरेसे झाले. रस्ता मनोऱ्याला वळसा घालून गेला.

ओक मिळायला पुढचा हिवाळा उजाडला. चौकट सुतारांनी जोडली, आराखडा रोसविटाने काढला, आणि हार्मसनांनी तो तीनदा परत पाठवला. रूळ काढून टाकले. भिंतीतली भोकं विद्यार्थ्यांनी खरवडलेल्या विटांनी बुजवली. घंटा नव्या चौकटीत बसली त्या दिवशी ओनोने खुंटीवरचा दोर सोडला आणि खडूची अक्षरं बाहीने पुसली.

हार्मसन वर एकटेच होते. त्यांनी पिशवीतून आईची खोल ताटली काढून कठड्यावर ठेवली, किटलीतून काळी चिकोरी ओतली, कानांत कापूस घातला. खिडकीचा चौकोन काळ्या पृष्ठभागावर पडला.

घंटा हलू लागली, मग वाजू लागली. झोका पुरा झाला. चौकोन थरथरला, किंचित, एवढाच. मग त्याच्या कडा सरळ झाल्या आणि सरळच राहिल्या. ते बघत राहिले, घंटा थांबेपर्यंत.

मग त्यांनी ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि उभ्याउभ्या सगळी पिऊन टाकली. गार झाली होती, आणि आईच्या हातची नसूनही तितकीच कडू.